मुलाच्या हातचं पाणी

बाबांना अग्नी मी दिला. डिसेंबरचं धुकं, दिल्लीचं स्मशान, आणि सोबतीला माझ्या ऑफिसातले चारपाच सहकारी. धाकटा भाऊ अमेरिकेत होता. त्याच्या वर्क व्हिसाची मुदत वाढवायचं काम तेव्हा चालू होतं, त्यामुळे त्याला निघता आलं नाही. मुलीनं अग्नी कसा काय द्यायचा, असं कुणी विचारलं नाही, कारण दुसरं होतंच कोण तिथे?

आईबाबा माझ्याकडेच राहायचे, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बाबांचं डायलिसिस, हॉस्पिटलातल्या रांगा, शेवटचे दोन महिने, सगळं मी केलं. उपकार म्हणून सांगत नाहीये. पण मग सांगूच नको का?

वर्ष होत आलं आणि आईला शास्त्र आठवलं. पुण्याहून काकांनी फोनवर तेल ओतलं. "वर्षश्राद्ध मुलाच्याच हातून व्हायला हवं, वहिनी. मुलगा असताना मुलीच्या हातचं पाणी पोचत नाही." वा रे वा! अग्नी बरोबर पोचला, पाणी तेवढं वाटेत आटलं! भावाची बायको तेव्हा गरोदर होती. मी फोन हिसकावून घेतला. "काका, बायको गरोदर असताना नवऱ्यानं लांबचा प्रवास करू नये, हेही शास्त्रच ना?" ते म्हणाले, "आईवडिलांच्या कार्याला अपवाद असतो." भावासाठी अपवाद निघाला. माझ्यासाठी शोधायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

मी आईला म्हटलं, मी करते. एकदा नाही, दहादा म्हटलं. ती एकच म्हणायची, "तुला नाही कळायचं."

भावालाही मी फोनवर सांगितलं, येऊ नकोस. त्याचा व्हिसा खरं तर त्याचा नव्हताच, कंपनीचा होता. कंपनीनं आपल्या कामासाठी मागितला म्हणून मिळालेला. तिथे राहून नोकरी करायला हरकत नव्हती, पण एकदा बाहेर पडला की परत आत शिरायला पासपोर्टवर नवा शिक्का हवा, आणि तो वकिलातीत मुलाखत दिल्यावर मिळणार. त्यात त्याच्या बायकोला सातवा महिना.

"ताई, दिल्लीतली तारीख मिळालीय," तो म्हणाला. "श्राद्धाच्या लगेच नंतरची. दोन्ही कामं एका फेरीत होतील. डिलिव्हरीच्या आत आरामात परत."

"आणि नाही झालं तर?"

"यार ताई, तू ना!"

हे बोलला खरा, पण मन त्याचंही होत नव्हतं. शेवटी आई फोनवर रडली. "त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय रे." बायको म्हणाली, "जा, पण लवकर ये." आणि तो आला.

श्राद्ध झालं. गच्चीवर घास ठेवला, कावळा काही फिरकेना. आली ती दिल्लीची गलेलठ्ठ कबुतरं, आणि त्यांनी भाताचा फडशा पाडला. गुरुजी इथेच जन्मले-वाढलेले, म्हणाले, "चलो, हो गया." आईनं डोळ्यांना पदर लावला. वर्षभरात एवढं समाधान मी तिच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या समाधानाचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते, तेव्हा भाऊ फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"मुलाखत पुढे ढकलली, ताई. जूनमध्ये."

बाळंतपण फेब्रुवारीत होतं.

त्यानं तातडीच्या तारखेसाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. कंपनीच्या वकिलानं वाट बघायला सांगितलं. मी माझ्या ओळखी चाळल्या. इतकी वर्षं केंद्र सरकारात काढली, कुठल्याही खिडकीमागे कुणीतरी ओळखीचं निघतंच. या खिडकीमागे निघालं नाही.

कंपनीचं एक ऑफिस गुरुग्रामला होतं. तूर्त तिथे बसून काम कर, म्हणाले. रोज सकाळी मेट्रोनं जायचा. त्या ऑफिसात त्याला गळ्यात व्हिजिटरचं कार्ड घालून फिरावं लागायचं. मी चिडवायची, "चला पाहुणे, डबा घ्या." आधी हसायचा. नंतर नुसताच डबा उचलायला लागला.

फेब्रुवारी लागला आणि एक दिवस तो दुपारीच परत आला. मी रजेवर होते, आई शेजारी गेली होती. बूट न काढता सोफ्यावर बसला.

"काढलं मला. काम तिथलं आहे, इथून आणखी चालणार नाही म्हणाले."

नोकरी गेली म्हणजे व्हिसाही गेला. बायकोचं तिथलं राहणं त्याच्याच व्हिसावर. आता जून आला काय नि गेला काय! बाळंतपणातून उठली की तिनं एकटीनं घर मोडायचं, भांडीकुंडी वाटून टाकायची आणि तान्हं मूल घेऊन इकडे यायचं.

"तिला सांगितलंस?"

"आधी सुखरूप सुटू दे."

"आणि आईला? थांब, मीच सांगते. तिच्या हट्टापायी..."

"नको ताई. हाय खाईल ती."

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, पण बसले. आईच्या ताटात पोळी मात्र आपटून वाढायची.

मुलगी झाली. आमच्याकडे सकाळ होती. तिथल्या मैत्रिणीनं फोन धरला होता. दुपट्यात गुंडाळलेलं लालबुंद तोंड दिसलं. भाऊ तिला "हॅलो, हॅलो" करत राहिला, वेड्यासारखा. मग पडद्यावर त्याची बायको आली. केस चिकटलेले, ओठ सुकलेले.

"जूनचं नक्की ना रे?"

"बिल्कुल," तो म्हणाला.

फोन बंद झाला. आई साखरेची वाटी घेऊन आली आणि त्याच्या हातावर साखर ठेवली. "पहिली बेटी, धनाची पेटी!"

तो साखरेकडे बघत होता. "बरं झालं, आई, मुलगी झाली," तो म्हणाला. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "मी मेल्यावर पाणी द्यायला हिला कुणी बोलावणार नाही. जिथे असेल तिथे राहील बिचारी."

साखर तशीच मुठीत धरून तो आतल्या खोलीत गेला. आई आधी हसली, मग हसू थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"असं काय बोलतो ग हा? जूनमध्ये जाणार आहे ना?"

"नाही, आई. नोकरी गेली त्याची. आता जाणं नाही. श्राद्धासाठी इथे आला आणि अडकला, म्हणून गेली."

ती खुर्चीत बसली. वाटीतली साखर बोटानं सारखी केली. मग मान वर करून तिनं मला विचारलं, "मग तू का नाही केलंस ग श्राद्ध?"