गोटफ्रीडचा एकुलता एक दणका

गोटफ्रीड लायटनमायर वर्षातून एकदाच वाजवायचा, आणि तेव्हाही एकदाच. हसा खुशाल, पण एन्स नदीकाठच्या आमच्या गावात त्याला मान होता. दर शरदात आमचा हौशी वाद्यवृंद चर्चमध्ये आमच्याच मुलखातल्या संगीतकाराची, ब्रुकनरची, सातवी सिंफनी वाजवतो. दुसऱ्या कुणाची वाजवून बघा म्हणावं! लोक तोंडावर सांगतील, "ब्रुकनर आपला माणूस. बेटहोफन हवा असेल तर जा व्हिएन्नाला!" त्या तासाभराच्या सिंफनीत झांजांना काम एकच. दुसऱ्या भागात सूर चढत चढत शिखराला पोचले की एक दणका. बाकी वेळ गप्प बसून राहायचं.

एरवी गोटफ्रीड खाटीक. दुकानात सॉसेज भरायचा. पण दणका झाला की स्वारीची कॉलर वर्षभर ताठ. हॅम कापता कापता गिऱ्हाइकाला विचारणार, "काय, यंदाचा कसा झाला?" जो "झकास" म्हणेल त्याला चांगला तुकडा. जो "कसला?" म्हणेल त्याच्या वाट्याला नुसती हाडं.

"आरशासमोर झांजा घेऊन किती उभा राहशील रे?" बायको बुर्गी करवादायची. "लग्नाच्या दिवशी भांगसुद्धा नीट पाडला नव्हतास!"

यंदा वृंदाला नवी संचालिका आली. वेरेनाबाई, व्हिएन्नात शिकलेल्या. पहिल्याच तालमीत त्यांनी जाहीर केलं, "झांजा वाजणार नाहीत."

गोटफ्रीडला वाटलं, बाई थट्टा करताहेत.

"हा दणका मूळ हस्तलिखितात मागाहून चिकटवलेल्या कागदावर आहे," बाई म्हणाल्या. "आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलंय, 'ग्राह्य नाही'."

"कुणी लिहिलंय?"

"ते नक्की सांगता येत नाही. विद्वानांचं भांडण चालूच आहे."

"वा! लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, आणि पोटावर पाय माझ्या?"

बाई बधल्या नाहीत. त्याच शिखरावर, त्याच चिकटवलेल्या कागदावरची त्रिकोणी घंटा वाजवणारा पोस्टातला फ्रान्झल "सुटलो बुवा!" म्हणत थेट बियर प्यायला गेला. गोटफ्रीड मात्र घरी येऊन जेवणाच्या टेबलापाशी बसून राहिला. समोरचे डंपलिंग थंड झाले.

"बुर्गी, आता मी कोण गं? नुसता खाटीक?"

"खाटकाशीच लग्न केलं मी. झांजांशी कोण करणार?" बुर्गी म्हणाली खरी, पण तिलाही वाईट वाटलं. इतका मऊ आवाज तिनं त्याचा कधी ऐकला नव्हता.

कार्यक्रमाला तो आला तो निव्वळ खुन्नस म्हणून. "बघूच कसे तोंडावर आपटतात ते," असं पुटपुटत बुर्गीशेजारी बाकावर बसला. इतकी वर्षं तो वादकांच्या मागे बसून मनात मात्रा मोजत आला होता. एक जरी चुकली तर दणका हुकला, गावात छी-थू! तळहात घामानं निथळायचे. आज मोजायचं काहीच नव्हतं. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यानं ते मांड्यांखाली दाबून ठेवले.

दुसरा भाग सुरू झाला. व्हायोलिनं एकेक पायरी चढू लागली. सगळं चर्च सुरांनी भरून आलं, शिखर आलं, आणि सूर उतरणीलाही लागले. बुर्गीनं कोपर मारलं.

"अरे, गेली ना तुझी जागा! लक्ष कुठाय?"

गोटफ्रीडच्या मिशा ओल्या झाल्या होत्या. "बुर्गी, हे इतकं सुंदर आहे? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तू कुणाला बोलू दिलंस तर सांगतील ना!"

पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं मागे वळून "शूऽऽ" केलं.

कार्यक्रमानंतर वेरेनाबाई स्वतःहून त्याच्याकडे आल्या. चेहरा जरा पडलेला. "लायटनमायर, खरं सांगते, झांजांशिवाय शिखर बोडकं वाटलं. विद्वान काहीही म्हणोत, पुढच्या वर्षी दणका ठेवू. तुम्हीच वाजवायचा."

गोटफ्रीडनं टोपी हातात फिरवली, पुन्हा फिरवली.

"दणका ठेवाच बाई, तो हवाच," तो म्हणाला. "पण दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला ऐकायचंय."