मामीची कोरफड आणि माझं शास्त्र

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण ह्या गोष्टीत एक माणूस गेलेलं आहे, दुसरं जायला निघालेलं आहे आणि मधे माझं डोकं आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचं सांगतो. मी पुण्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होतो. शिकत म्हणजे काय, नुकतीच पुस्तकं विकत घेतली होती. त्या पावसाळ्यात विंझरची माझी मामी वारली. मूलबाळ नव्हतं. मामांपाशी उरले दोन बैल आणि दाराशी मामीनं लावलेली कोरफड. रानटी होती ती, आमच्या सारोळ्याच्या कोरड्या माळावरून आणलेली. मामी तिला रोज तांब्याभर पाणी घालायची, पण एवढ्या वर्षांत ती फुलली म्हणून नव्हती.

पौषात मी मामांना भेटायला गेलो, तर पानांच्या मधून लांब दांडा वर आलेला आणि त्याला पिवळ्या नळ्यांसारखी फुलं लोंबत होती. मामा समोर बसून होते. म्हणाले, "सदा, तू ह्येच शिकतोस न्हवं? ही आत्ताच का फुलली?"

माहीत नाही म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण कॉलेजातला मुलगा तसं कधी म्हणतो का? मी पान दाबून पाहिलं, फूल उलटंसुलटं केलं आणि म्हणालो, "मामा, ही घायपातीची बहीण. एकदाच फुलते आणि मरते."

घायपात फुलली की वाळते, हे मामांनी बांधावर जन्मभर पाहिलेलं. त्यांनी मान हलवली. "व्हय. तिनं लावलेली, तिच्यामागं चालली."

पटलं म्हणून मी खूश. पण पटलं ते असं, की त्यांनी जेवणच टाकलं. फुलं गळाली की आपणही जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि गावाला सांगितलं की हे पुण्याच्या शास्त्रात लिहिलंय.

मग काय विचारता! सारोळ्याहून माझी आई रडत आली. कापूरहोळचा मामांचा चुलतभाऊ बायकापोरांसह आला. मामांनी एक बैल त्याला देऊन टाकला. तेव्हापासून हा चुलतभाऊ रोज सकाळी फुलं किती गळाली ते बघून यायचा, आणि तोंड मात्र सुतकी ठेवायचा. आईनं मला बाजूला घेतलं आणि एवढंच म्हणाली, की माझ्या भावाला तू मारलंस.

मी पान आणि फूल पिशवीत घालून पुणं गाठलं. आमच्या प्राध्यापकांनी ते पाहिलं, मग मला पाहिलं. म्हणाले, घायपात वेगळी, कोरफड वेगळी. कोरफड दरसाल फुलू शकते, मरत नाही. कोरड्या माळाचं झाड ते, पाण्याचे लाड थांबले म्हणून फुललं असेल.

परत आलो, तेव्हा मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी सगळं सांगितलं. झाड मरणार नाही हे सांगितलं, आणि मामीचं पाणी बंद झालं म्हणून ते फुललं असावं, हेही सांगितलं. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजी जगायचंच हाय व्हय?"

आईनं ताट वाढून पुढ्यात ठेवलं. मामा खाली मान घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ निघाला तो बैल घेऊनच. दिलेलं दान परत घेतलं तर पाप लागतं, म्हणाला. आणि नांगरट तर तोंडावर आलेली. मामांनी कोणाला दोष दिला नाही. उरलेल्या बैलाला जू लावलं, दुसरी बाजू रिकामी होती तिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी मुकाट्यानं खांदा दिला.

बांधावरून जाणाऱ्यानं विचारलं, "आबा, बैल दिला म्हनं?"

"दिला," मामा म्हणाले. मामी गेल्यावर पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं. "पर दुसरा पुन्याहून शिकून आला."