माझ्या वाट्याचा बांध

पूर्णा गावाच्या पुढे, खाडीच्या काठाला आमची भातशेती. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून चिखलाचा लांबलचक बांध, आणि तो गावात घरटी वाटून दिलेला. उन्हाळ्यात ज्याने त्याने आपल्या वाट्याला चिखल थापायचा, खेकड्यांची भोकं बुजवायची. घरातलं एक माणूस तरी उतरलंच पाहिजे, अशी रीत.

गोदामं नुकतीच उभी राहू लागली होती तेव्हाची गोष्ट. मी टेमघरला शाळेत भूगोल शिकवायचो. मास्तर झाल्यापासून मला चिखलात उतरायची लाज वाटायला लागली, हे सरळच सांगतो. पँट दुमडून उभं राहायचं आणि वर्गातल्या कुणी बघितलं तर? म्हणून मी शक्कल लढवली. माझ्या वाट्यापुढची तिवरांची झाडं जेसीबीने उपटून टाकली, खाणीतला काळा दगड आणवला आणि बांधाला भिंत चढवली. एकदाच काय ती कटकट. मास्तरचं डोकं चालतं, असं गाव म्हणू लागलं. मीही हवेत होतो.

शेजारचा वाटा काकीचा. काका गेल्यावर ती एकटीच बांध करायची. पदर खोचून चिखलाचे गोळे थापता थापता मला चिडवायची, "मास्तर, तुजा बांध निवांत हाय. माजा दरसाल जेवाय मागतो."

त्याच पावसाळ्यात मोठं उधाण आलं. माझा दगड जागचा हलला नाही. पण पाणी त्यावर आपटून वळलं आणि जिथे दगड संपत होता, तिथे काकीचा चिखल खाऊ लागलं. तिवरं असती तर त्याचा जोर आधीच मोडला असता. पुढच्या उधाणाला तिचा बांध फुटला. पोटरीला आलेला भात खाऱ्या पाण्यात पिवळा पडला.

गाव जमलं. कुणीतरी म्हणालं, बाईमाणसाचं काम, दुसरं काय होणार. काकी खाली मान घालून म्हणाली, "माजाच चिखल कच्चा ऱ्हायला." मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. हेच चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढत होतो: भिंत, लाट आणि भिंतीच्या टोकाशी होणारी झीज. पोरांकडून पाठ करून घेत होतो. त्या दिवशी मात्र मीच तिची समजूत काढली, "होतं असं, काकी." या वाक्याची मला अजून शरम वाटते.

दिवाळीनंतर ती माझ्या ओटीवर येऊन बसली. गोदामवाले जमीन मागत होते. तिला द्यायची नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या शेतात राबली होती ती. म्हणाली, "तू शिकलेला हायस. खरं सांग, बांध परत घातला तं टिकंल का न्हाय?"

माझी भिंत काढली असती, तिवरं पुन्हा वाढू दिली असती, तर टिकला असता. पण मग भिंत का काढायची, हे सगळ्या गावाला सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "नाही टिकणार, काकी."

तिने जमीन देऊन टाकली. आता तिथे भराव घालून गोदाम उभं आहे. लग्नकार्यात भेटली की ती चारचौघांत माझा हात धरते आणि कौतुकाने सांगते, "यानं खरं सांगितलं म्हनून बरं झालं. न्हाय तं मी मरंपर्यंत चिखल थापत बसले असते."