जेवायला बोलावलंच नाही

मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मी बुलडाण्याच्या भारी हॉटेलात ठरवलं, तेव्हा घरात ते कुणालाच पटलं नव्हतं. बायको म्हणाली, "घरीच करा ना. नाही तं शेगावले खोल्या घ्या, पाहुण्यायचं दर्शनबी होईन." पण मी ऐकतो कुणाचं? मी मलकापुरात एका शाळेत लिपिक. घर कापूस बाजाराच्या मागे, दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. मुलाकडची मंडळी मूळची इकडचीच, पण कित्येक वर्षं पुण्यात. त्यांनी ती पडवी पाहिली आणि जुळत आलेली सोयरीक फिसकटली तर? भीती एवढीच होती, पण तिच्यापुढे मला दुसरं काही सुचत नव्हतं.

साक्षगंध दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या संध्याकाळी आम्ही राजूरचा घाट चढून हॉटेलवर पोहोचलो, पाठोपाठ तेही आले. आत चकाचक फरशी, मोठं झुंबर, अत्तराचा वास. मी मनात म्हटलं, जमलं. आणि तिथूनच बिघडायला सुरुवात झाली. मुलाच्या आईला दिलेलं दाराचं कार्ड चालेना. बाई बॅग घेऊन व्हरांड्यात उभी, दाराला कार्ड लावतेय आणि काढतेय. दुसऱ्या खोलीत एसीतून गरम हवा. नळाला गरम पाणी नाही, मग थंडही नाही. मी खाली काउंटरवर गेलो की मॅनेजर गळ्यातला टाय नीट करून म्हणायचा, "सॉरी सर, आमची टीम येतच आहे." त्याची टीम कुठून येत होती देव जाणे, नागपूरहून पायी निघाली असावी. नाव मोठं अन् लक्षण खोटं! आमच्या शाळेचा शिपाईसुद्धा याच्यापेक्षा लवकर हलतो.

आठ वाजता मॅनेजरने सगळ्या खोल्यांत फोन करून सांगितलं, खालच्या हॉलमध्ये बुफे लागला आहे. मला वाटलं, चला, एक काम झालं. जेवणाचं हॉटेलवाले बघतील, त्याचसाठी तर आलो. सगळे आपापली ताटं घेऊन रांगेला लागले आणि मी परत काउंटरवर पाण्यासाठी भांडत बसलो. घसा बसला, पण पाणी आलं नाही. जेवायला गेलो तेव्हा भांडी जवळपास रिकामी झाली होती. बायको म्हणाली, "मुलाचे आजोबा दिसले नाही." मी चिडलेलाच होतो. म्हटलं, "जेवून गेले असतील. आता मी काय खोल्या मोजत फिरू?"

सकाळी चहा घेऊन मी स्वतः त्यांच्या खोलीत गेलो, आदर दाखवावा म्हणून. आजोबा धोतर नेसून, टोपी घालून खाटेच्या कडेला ताठ बसले होते. मी विचारलं, "आबा, झोप लागली ना?"

"उपाशीपोटी कशी लागीन, भाऊ?"

मला काही कळेना. "काऊन? जेवले नाही तुमी?"

"कोनं बलावलं मले?"

"फोन आला होता ना, आबा?"

"फोनवाला कोन हाये? तो पोरीचा बाप हाये का? पोरीचा बाप येईन, चला म्हनीन, मंग उठू म्हनून घरच्यायले पुढं धाडलं अन् बसलो होतो. नऊ वाजेपर्यंत टोपी काढली नाई."

मी कप टेबलावर ठेवला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडे मुलाकडच्या वडीलधाऱ्याला मुलीच्या बापाने समोर जाऊन उठवल्याशिवाय तो पानावर बसत नाही. माझ्या बहिणीच्या साक्षगंधात माझे वडील तीनदा जानवशावर, मुलाकडच्यांच्या उताऱ्यावर, गेले होते. आणि मी ते काम टायवाल्या माणसावर सोपवून नळाच्या पाण्यासाठी भांडत होतो. मी पाय धरायला वाकलो. म्हटलं, "आबा, चुकलं. आता चला, नाश्ता लागला हाये."

"इथं नाई. जेवीन तं पोरीच्या घरी जेवीन. तवापर्यंत साक्षगंध नाई."

मी जाऊन बायकोला सांगितलं. तिने ऐकलं आणि पदर खोचूनच ती जिन्याकडे निघाली. ती आणि मुलगी पहिल्या गाडीने पुढे गेल्या. मागून आम्ही सगळे, तोच घाट उलटा उतरून.

आम्ही पोहोचलो तेव्हा पिठलं शिजलं होतं आणि मुलगी भाकरी थापत होती. पडवीत सतरंजी टाकली. मी मुलाच्या आईच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो. आजोबांना मी हात धरून पानावर बसवलं. त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली, आणि मग घरभर नजर फिरवत मला म्हणाले, "चांगलं तं घर हाये, भाऊ. आमच्यापासून लपवलं काऊन?"

मी सांगायला काहीतरी शोधत होतो. जागा कमी पडली असती, ऊन फार आहे, असलं काहीतरी. तेवढ्यात मुलगी भाकर वाढता वाढता म्हणाली, "बाबाले आमची लाज वाटते, आबा."

आजोबांनी तिसरी भाकर मोडून पिठल्याला लावली. साक्षगंध दुपारी त्याच पडवीत झालं, पेढे वाटले गेले, मुलाची आई माझ्या बायकोशी घरच्यासारखी बोलत बसली. सगळं नीट झालं. मुलगी खोटं बोलली असती तर मी तिच्यावर रागावलो असतो.