‘रेफर’चा आमच्याकडचा अर्थ

‘रेफर’ या इंग्रजी क्रियापदाचं मूळ लॅटिन आहे. मूळ अर्थ, परत वाहून नेणं. बी.एड. करताना जाड डिक्शनरीत हे वाचलं तेव्हा मला आधी हसू आलं, मग रागच आला. वांकिडीकडच्या आमच्या सीमेवरच्या गावाला लॅटिनचा गंधही नव्हता, पण हा अर्थ सगळ्यांना तोंडपाठ होता.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तेलुगू बोलायचे, आम्ही मराठी. दोघांच्या मध्ये चार-दोन इंग्रजी शब्द उरायचे, त्यांतला हा एक. पेशंट हाताबाहेर गेला की डॉक्टर ‘रेफर’ म्हणत आणि पुढच्या खाटेकडे वळत. का न्यायचं, तिथं काय करतील, हे सांगायला कोणाला फुरसत? लोक जीप करून वरंगलला जात आणि आपलं माणूस चादरीत गुंडाळून परत आणत. निघायलाच उशीर झालेला असे. गावानं शितावरून भाताची परीक्षा केली. रेफर म्हणजे डॉक्टरनं आशा सोडली. शब्द कानावर पडला की बाया पायऱ्यांवरच गळा काढत आणि पुरुष गाडी घराकडे वळवत. मरायचंच आहे, तर आपल्या उंबऱ्यात तरी मरावं.

वहिनीचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा मी बारावीला होते. घरात तेलुगू समजणारी मी एकटी, म्हणून आत मला बोलावलं. डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या, “रेफर चेस्तुन्नाम.” रेफर करतोय. बस, एवढंच. बाहेर माझा थोरला भाऊ आणि बाबा उभे होते.

“काय म्हून राह्यली वं डॉक्टरीण?” दादानं विचारलं.

अडलं की डिक्शनरीला ‘रेफर’ करा, असं इंग्रजीचे सर सांगत. म्हणजे ज्याला जास्त कळतं त्याच्याकडे जा. हे मी त्या पायऱ्यांवर समजावत बसले असते तर पालथ्या घड्यावर पाणी. मी तो शब्दच गिळला.

“इथं आपरेशन होत नाही. जवळ चंद्रपूरले नेलं की मोकळी होते म्हणते. चाला लवकर.”

“रेफर तं नाही केलं न?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

वहिनी मुलीला घेऊन स्वतःच्या पायांनी घरात आली. बारशाला सारं गाव जेवलं. त्या दिवशी मला माझाच फार अभिमान वाटला होता.

पुढे काही वर्षांनी मी आदिलाबादला इंग्रजी शिकवत होते. एका दुपारी शाळेत निरोप आला, बाबा सिरियस आहेत, घरी या. घरी! दवाखान्यात का नाही? पोचले तर ओसरीत खाटेवर बाबा, भोवती शेजारीपाजारी, उशाशी दादा. बाबांचं पोट ताठ झालं होतं, हात लावू देत नव्हते.

“अपेंडिक्स म्हणे,” दादा म्हणाला. “रेफर केलं वं. मंग आणलं घरी. बाबाच म्हणे, घरी ने.”

मी किंचाळलेच. “अरे, वैनीलेबी रेफरच केलं होतं!”

दादा हळूच म्हणाला, “हे तवाच काऊन नाही सांगतलं?”

मी जीप आणायला धावले. बाबांना उचलून ठेवलं तेव्हा ते नुसते माझ्याकडे बघत होते. चंद्रपूरच्या वाटेवर वर्धा नदीचा पूल यायच्या आधीच ते गेले. जीप तिथूनच वळवली आणि आम्ही त्यांना परत आणलं. दारात बाया एकमेकींना म्हणत होत्या, रेफर केलं होतं न, मंग नेलंच काऊन?

दादाच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाही माझ्या जिभेवर होतं. तवा सांगतलं असतं, तं तू वैनीले घरी आणलं असतं. पण तो विचारत होता तेव्हा वहिनी मागे दारातच उभी होती, आणि पोरगी तिचा पदर धरून. मी काही बोलले नाही. दादा अजून अधूनमधून विचारतो.