भिंतीवर चढणारी बोटं

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा मी साठीची होते, अक्कल मात्र यायची होती. डॉक्टरांनी भिंतीवरून बोटं हळूहळू वर न्यायला सांगितलेलं. जखम उसवेल या भीतीनं मी महिनाभर हात पदराखाली धरून बसले आणि सुनेला ‘झाला व्यायाम’ म्हणून थापा मारल्या. खांदा आखडत चालला.

उंब्रजची कासारीण तोंडाकडे बघतच नाही, हातांशी बोलते. बांगडी भरण्याआधी तळवा दाबून मूठ उघडझाप करायला लावते. महिनाअखेर ती बांगड्या भरायला आमच्या घरी आली आणि माझा हात वर उचलेना हे बघून व्यायामाचं खरं माझ्याकडून काढून घेतलं. मग तिनं पेटी मिटली, मला भिंतीपाशी उभं केलं आणि माझ्या बोटांशेजारी स्वतःची बोटं चढवू लागली. खांद्याच्या उंचीवर मी बोटं थांबवली.

“उसवलं तर गं?”

“आवं काकी, शिवन डाक्टरची हाय. तुमची असती तर मीबी भ्याले असते. उचला हात!”