न दिसलेलं ग्रहण

हिरालाल तसा सज्जन माणूस. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात नाही. एवढे गुण अंगी असल्यावर बिडीचं काय घेऊन बसायचं, असं त्याचं स्वतःचंच मत होतं. मंगरूळपीरच्या बाजारात त्याच्या मेथीला बिडीचा वास येतो, असं गिऱ्हाइकं म्हणत आणि तरी दोन जुड्या जास्त घेत.

पहिली मुलगी राखी झाली ती ओठ नाकापर्यंत फाटलेला, टाळूला भोक. पाजलेलं दूध नाकातून परत यायचं. हिरालालच्या आईनं, सीताबाईनं, कारण तिथंच दवाखान्याच्या ओट्यावर शोधून काढलं. "सातव्या महिन्यात, गिऱ्हानात, हिनं वांगे तोडले." ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि विळा सीताबाईनंच सुनेच्या हातात दिला होता. सांगताना तेवढं गळायचं.

राखीच्या ओठाचं ऑपरेशन अकोल्याला झालं. डॉक्टरीणबाईंनी हिरालालला एकट्याला आत बोलावलं.

"घरात आणखी कोणाला असं आहे?"

"नाई जी."

बाहेर बाकावर हिरालालचे सख्खे काका, मदनसिंगकाका, राखीला घेऊन बसले होते. काकांची मिशी खालच्या ओठापर्यंत उतरलेली आणि बोलणं नाकातून. त्यांना लहानपणापासून सर्दी आहे, असं घरात मानलं जाई. त्या सर्दीला आता साठ वर्षं होत आली होती.

"ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो," बाई म्हणाल्या. "सातव्या महिन्यातल्या ग्रहणाला तिथं काही काम उरत नाही. काही घराण्यातून येतं, त्यात घरातला धूर भर घालतो. बिडीनंच झालं असं मी म्हणत नाही. पण पुढचं मूल हवं असेल तर आधीच सोडा. आणि बायकोला हे सांगा. ती स्वतःला खात बसलीय."

"सांगतो जी."

परतीच्या बसमध्ये बायकोनं, अंजूनं, विचारलं, "काय म्हनत होत्या बाई?"

"टाक्याइले पानी लागू देऊ नका म्हने."

पण हिरालाल अगदीच निगरगट्ट नव्हता. त्या दिवसापासून तो बिडी बाहेर, लिंबाखाली ओढू लागला. आपण केवढा त्याग केला, हे त्याला रोज जाणवायचं.

अंजूला पुन्हा दिवस गेले. दुसऱ्या महिन्यात ग्रहण आलं. भारतातून ते दिसणारच नाही, असं टीव्हीवर सांगत होते.

"टीवीवाल्याइले पोट हाय काय?" सीताबाई म्हणाली. तिनं खोलीच्या खिडकीत पोतं कोंबलं, अंजूला चटईवर सरळ निजवलं आणि बजावलं, "झोपू नको, वळू नको. हिऱ्या, तू बस इच्यापाशी. गिऱ्हान सुटेलोक दार उघडाचं नाई."

दार उघडायचं नाही म्हणजे लिंबाखाली जायचं नाही. हिरालालनं जमेल तेवढा धीर धरला, मग पेटवली. मग आणखी एक. टिनाच्या खोलीत धूर छपराखाली साचून खाली उतरू लागला. अंजू खोकली.

"तरास होते काय?"

"होऊ द्या. तुमी उठून जाऊ नका म्हंजे झालं."

नवरा इतका वेळ आपल्यापाशी कधी बसला नव्हता, याचं तिला अप्रूप वाटत होतं.

एका दिवसानं काय होतं, असं हिरालालनं मनाशी म्हटलं. ते कदाचित खरंही असेल. पण त्या दिवशी मोडलेला नेम पुन्हा जुळला नाही. एकदा आत ओढली की बाहेर जायला कारण लागतं, आणि ते त्याला सापडलं नाही.

मुलगा झाला. ओठ तसाच.

सीताबाईनं दुपटं बाजूला केलं, पाहिलं आणि सुनेकडं वळली. "आता काय कापलं व तू?"

मदनसिंगकाका भिंतीकडं पाहू लागले. हिरालालनं तोंड उघडलं. अकोल्याचं वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात अंजू बाळावरची नजर न काढता हळूच म्हणाली, "कढीपत्ता... दार लावाच्या आंधी वरनात टाकाले दोन पानं तोडले होते. तवाच लागलं असंन गिऱ्हान."

"मंग!" सीताबाई म्हणाली.

हिरालालनं तोंड मिटलं. घरी गेल्यावर त्यानं अंगणातला कढीपत्ता मुळासकट उपटून टाकला. त्याला लेकरांची काळजी आहे, असं सगळ्यांचं एकमत झालं.